पेटीतल्या मांजराची कैफियत

शास्त्रांच्या इतिहासात काही प्राण्यांना मानाचे स्थान लाभले आहे. गॅल्व्हानी यांच्या बेडकांनी विद्युत्‌शास्त्राला एक नवी वाट दाखवली, पावलोव्ह यांच्या कुत्र्यांनी लाळ गाळून मानसशास्त्रात एका अध्यायाची भर घातली, आणि मॉर्गन यांच्या फळमाश्यांनी बाटल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जन्म घेऊन आनुवंशिकतेचे नियम उलगडण्यास हातभार लावला. या साऱ्यांनी शास्त्राची सेवा देहाने केली. आधुनिक भौतिकशास्त्राच्या वाट्याला आलेला प्राणी मात्र विदेही आहे. त्याला कोणी पाळले नाही, कोणी पाहिले नाही, कोणी पेटीत कोंडलेही नाही. आणि तरीसुद्धा, ज्यांना भौतिकशास्त्राचे एकही समीकरण ठाऊक नाही अशा लोकांच्या तोंडीही त्याचे नाव असते, व ते नाव उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू असते. हे मांजर म्हणजे व्हिएन्नात जन्मलेले थोर शास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांचे मांजर होय.

या मांजराविषयीच्या विनोदांपैकी सर्वांत अधिक फिरलेला विनोद असा. हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर मोटारीतून भरधाव चालले असता वाटेत पोलीस गाडी अडवतो आणि चाकामागे बसलेल्या हायझेनबर्ग यांना दरडावून विचारतो, "किती वेगाने चालला होता, काही कल्पना आहे?" हायझेनबर्ग म्हणतात, "वेगाची नाही. पण मी कोठे आहे ते मला अगदी नेमके ठाऊक होते." "ताशी १४० किलोमीटर!" "झाले! आता आपण कोठे आहोत तेच कळेनासे झाले." पोलिसाला संशय येतो. तो गाडीची झडती घेतो, मागची डिकी उघडतो आणि ओरडतो, "अहो, इथे मेलेले मांजर आहे!" त्यावर श्रोडिंगर वैतागून म्हणतात, "आता मेलेच ते. उघडायला कोणी सांगितले होते?"

विनोद खुमासदार आहे यात वाद नाही. त्याच्या पूर्वार्धात, कणाचे स्थान जितके निश्चित करावे तितका त्याचा संवेग अनिश्चित होतो हे हायझेनबर्ग यांचे १९२७ सालचे तत्त्व, थोड्या अतिशयोक्तीने का होईना, इमानाने उतरले आहे. उत्तरार्धात मात्र एक अन्याय दडलेला आहे. डिकी उघडेपर्यंत मांजर जिवंतही होते आणि मृतही होते, आणि पोलिसाच्या नजरेने त्याचा निकाल लावला, हे मत येथे श्रोडिंगर यांच्या पदरी बांधलेले आहे; वस्तुतः ज्या मताची टर उडवण्यासाठी त्यांनी हे मांजर कल्पिले, तेच हे मत. म्हणजे मूळचा फिर्यादीच येथे आरोपी ठरला. या मांजराच्या नावाने आजवर जी थट्टा झाली तिच्यातील बरीचशी अशीच, मूळ थट्टेचा रोख विसरून झालेली आहे. तो रोख कोणावर होता, तो कसा फिरला, आणि या साऱ्या हास्यविनोदाच्या तळाशी जो प्रश्न अद्यापि न सुटता पडून आहे तो कोणता, याची रीतसर कैफियत मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विचारप्रयोग म्हणजे काय ते पाहू. जो प्रयोग प्रत्यक्ष करण्याची निकड नसते, परंतु जो मनात नीट मांडला असता एखाद्या सिद्धांताचे बळ किंवा व्यंग उघडे पडते, तो विचारप्रयोग. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा अधिक वेगाने पडते, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत गॅलिलिओ यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशाच रीतीने निकालात काढली. जड दगडाला हलका दगड बांधा, असे ते सांगतात. हलका दगड मंदगती असल्यामुळे तो जड दगडाला मागे ओढील, सबब जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. परंतु जोडीचे वजन एकट्या जड दगडाहून अधिक, सबब ती त्याहून वेगाने पडली पाहिजे. एकाच गृहीतकातून परस्परविरोधी दोन निष्कर्ष निघाले, तेव्हा गृहीतकच सदोष. प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करून, त्यातून त्यालाही नकोसा वाटेल असा निष्कर्ष काढून दाखवण्याच्या या पद्धतीला आपले नैयायिक अनिष्टप्रसंग म्हणत. श्रोडिंगर यांचे मांजर याच कुळातले आहे. जगात असे मांजर असते हे सिद्ध करण्यासाठी ते जन्मलेच नाही. तुमचे म्हणणे जसेच्या तसे मानले तर असले मांजर मानावे लागेल, तेव्हा पुन्हा एकदा विचार करा, एवढे बजावण्यासाठी ते जन्मले.

कोणाचे म्हणणे, आणि ते काय होते? १९२५ साली हायझेनबर्ग यांनी आणि १९२६ साली झुरिक येथे श्रोडिंगर यांनी, दोन निरनिराळ्या मार्गांनी, अणूच्या अंतर्व्यवहाराचे गणित सिद्ध केले. तीच आजची क्वांटम यामिकी किंवा पुंजयामिकी. श्रोडिंगर यांच्या समीकरणात इलेक्ट्रॉनच्या जागी एक तरंगफलन येते, आणि हा तरंग खरोखरीचा, अवकाशात पसरलेला असा काही पदार्थ असावा अशी त्यांची आशा होती. परंतु त्याच वर्षी मॅक्स बॉर्न यांनी दाखवून दिले की या तरंगाच्या आकारमानाचा वर्ग घेतला असता इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची किती संभाव्यता आहे, एवढेच कळते. कोपनहेगन येथे नील्स बोर आणि त्यांचे सहकारी यांनी या विचाराला तात्त्विक बैठक दिली, आणि १९३३ साली डिरॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक स्वीकारणारे श्रोडिंगर आपल्याच समीकरणाच्या या प्रचलित अर्थाविषयी असमाधानी राहिले.

असमाधानाचे कारण समजण्यासाठी अध्यारोपणाची कल्पना नीट ध्यानात घेतली पाहिजे. एका पडद्यापुढे दोन बारीक मार्ग ठेवून इलेक्ट्रॉन सोडले असता पडद्यावर एकाआड एक असे ठळक व फिकट पट्टे उमटतात. जपानमधील तोनोमुरा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली हे इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की एका वेळी उपकरणात जवळजवळ एकच इलेक्ट्रॉन असावा. पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला. प्रारंभी ठिपके कसेही विखुरलेले दिसले, परंतु त्यांची संख्या हजारांच्या घरात गेली तेव्हा त्यांतून तेच पट्टे हळूहळू उठून आले. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आला, म्हणजे पट्टे पडण्यासाठी त्याने दुसऱ्याशी मसलत करण्याचा प्रश्न नाही. आणि तो दोहोंपैकी एकाच मार्गाने गेला असे धरले, तर पट्ट्यांचा हिशेब लागत नाही. त्याच्या अवस्थेत 'या मार्गाने' आणि 'त्या मार्गाने' हे दोन्ही पर्याय एकवटलेले होते, असे पुंजयामिकी सांगते, हेच अध्यारोपण. मुठीत झाकलेली कवडी उताणी आहे की उपडी हे आपल्याला माहीत नसते, तरी मुठीच्या आत ती दोहोंपैकी एक असतेच, आणि मूठ उघडल्याने केवळ आपले अज्ञान दूर होते. अध्यारोपण हे तसले अज्ञान नव्हे, कारण त्यातील दोन्ही पर्याय एकमेकांवर परिणाम घडवून पडद्यावर आपली साक्ष ठेवून जातात, आणि झाकलेल्या कवडीच्या दोन पर्यायांना तसे काही करता येत नाही. मात्र इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने गेला याची नोंद होईल अशी तजवीज केली की पट्टे नाहीसे होतात आणि एकच मार्ग उरतो. हा बदल नेमका केव्हा, कोठे व कशामुळे होतो? याविषयी समीकरण मूक आहे, आणि श्रोडिंगर यांची हरकत येथेच होती.

१९३५ च्या मे महिन्यात आइन्स्टाइन यांनी पोडोल्स्की व रोझेन या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध करून पुंजयामिकीचे वर्णन अपूर्ण असल्याचा आक्षेप नोंदवला. श्रोडिंगर त्या वेळी, नाझी राजवटीला विटून बर्लिन सोडल्यामुळे, ऑक्सफर्ड येथे होते आणि आइन्स्टाइन अमेरिकेत प्रिन्स्टन येथे. दोघांमध्ये त्या उन्हाळ्यात जो पत्रव्यवहार झाला त्यात ८ ऑगस्टच्या पत्रात आइन्स्टाइन यांनी दारूगोळ्याचे उदाहरण घेतले: ज्या दारूचा वर्षभरात केव्हातरी आपोआप भडका उडण्याचा संभव आहे तिचे तरंगफलन वर्षानंतर पाहिले, तर स्फोट झालेल्या आणि न झालेल्या दारूचे मिश्रण त्यात दिसेल, परंतु अशी अधांतरी दारू जगात असणे शक्य नाही. श्रोडिंगर यांनी १९ ऑगस्टला उत्तर धाडले, आणि त्या उत्तरात या मांजराने प्रथम पाऊल टाकले. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात 'नाटुरविसेनशाफ्टेन' या जर्मन नियतकालिकात तीन हप्त्यांनी आलेल्या त्यांच्या दीर्घ लेखात त्याला कायमचे घर मिळाले. त्या सबंध लेखात मांजराच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे, आणि त्या परिच्छेदाच्या आरंभीच लेखकाने अशी उदाहरणे निव्वळ प्रहसनाच्या थाटाची असल्याचे सांगून टाकले आहे. वाचकाने हसावे ही अपेक्षा तेथे पहिल्याच वाक्यात आहे.

त्या पेटीचा आता तपशीलवार पंचनामा करू. पोलादी कोठडीत एक मांजर कोंडलेले आहे. तेथेच एक यंत्रणा आहे, आणि ती मांजराच्या थेट ढवळाढवळीपासून सुरक्षित ठेवावी अशी स्पष्ट सूचना श्रोडिंगर देतात. मांजराचा पंजा आणि काचेची कुपी यांचे नाते त्यांना चांगले ठाऊक असावे. गायगर गणकाच्या नळीत किरणोत्सर्गी द्रव्याचा इतका सूक्ष्म अंश ठेवला आहे की तासाभरात त्यातील एखादा अणू फुटेल, किंवा तितक्याच संभाव्यतेने एकही फुटणार नाही. अणू फुटलाच तर गणक तो टिपतो, त्यामुळे एक कळ सुटते, कळ सुटताच हातोडी पडते, आणि हातोडीखालची हायड्रोसायनिक आम्लाची कुपी फुटते. या जहाल विषापुढे मांजराची नऊ आयुष्येही पुरी पडणार नाहीत. तासभर या व्यवस्थेला कोणी हात लावलेला नाही. अणू फुटलेला नसेल तर मांजर जिवंत आहे, असे आपण म्हणू. परंतु संपूर्ण व्यवस्थेचे तरंगफलन लिहावयास बसले, तर फुटलेला व न फुटलेला असा जो दुहेरीपणा अणूत होता, तो गणकात, गणकातून कळीत, कळीतून हातोडीत, हातोडीतून कुपीत आणि कुपीतून मांजरात उतरतो, आणि समीकरणाच्या दप्तरी जिवंत मांजर व मृत मांजर समसमान हिश्शाने एकत्र दाखल होतात.

युक्तिवादाची खोच येथे आहे. अणूचा दुहेरीपणा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा सूक्ष्म जगात काहीही चालत असेल असे म्हणून त्याची बोळवण करता येत होती. श्रोडिंगर यांनी सूक्ष्म आणि स्थूल यांच्यामध्ये असा पूल बांधला की अणूविषयी जे मान्य कराल ते मांजराविषयीही मान्य करणे प्राप्त व्हावे. आणि मांजराविषयी तसे मान्य करण्यास कोणीही शहाणा माणूस धजणार नाही. कॅमेरा हलल्यामुळे धूसर आलेले छायाचित्र वेगळे आणि धुक्याचेच काढलेले स्पष्ट छायाचित्र वेगळे, हा भेद त्यांनी त्याच परिच्छेदाच्या शेवटी सांगितला आहे. पुंजयामिकीचे चित्र धूसर आहे. परंतु ती धूसरता चित्राची की वस्तूची? या प्रश्नाची वासलात लागल्याशिवाय चित्राला वास्तवाची प्रतिकृती मानू नये, असा त्यांचा इशारा होता. आइन्स्टाइन यांना हे उदाहरण इतके पसंत पडले की पंधरा वर्षांनी, १९५० च्या अखेरीस, श्रोडिंगर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची पुन्हा आठवण काढली. मात्र तोवर त्यांच्या स्मरणात विषाच्या कुपीची जागा त्यांच्या स्वतःच्या दारूगोळ्याने घेतली होती, आणि बिचाऱ्या मांजराच्या मरणाची सामुग्रीच पालटून गेली होती.

प्रतिपक्षाने यावर काय उत्तर दिले? बोर यांच्या पंथाचे म्हणणे असे की मोजमापाची साधने नेहमीच्या, स्थूल भौतिकीच्या भाषेतच वर्णिली पाहिजेत; गायगर गणकात एकदा पुसता न येणारी नोंद झाली की प्रश्न मिटला, मग पेटीचे झाकण कोणी उघडो वा न उघडो. म्हणजे ज्या पक्षाच्या माथी 'मनुष्य पाहतो म्हणून मांजर मरते' हे मत सर्रास मारले जाते, त्याचा प्रमुख पुरुषच हे मत मानीत नव्हता. परंतु गणक हाही अखेर अणूंचाच बनलेला असताना त्याला निराळा कायदा कोणत्या अधिकाराने लावावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला. जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ सालीच आपल्या ग्रंथात दाखवले होते की मोजणारा आणि मोजले जाणारे यांच्यामधली सीमारेषा अणूपासून निरीक्षकाच्या मेंदूपर्यंत कोठेही आखली तरी गणिताच्या उत्तरात फरक पडत नाही. या मोकळिकीचा फायदा घेऊन यूजीन विग्नर यांनी १९६१ साली पेटीत मांजराऐवजी एक मित्र बसवला आणि विचारले, की बाहेरच्याने दार उघडेपर्यंत हा मित्रही अधांतरी होता काय? मित्र तर शपथेवर सांगेल की मी सर्व काळ शुद्धीवर होतो. तस्मात् जाणीव हीच सीमारेषा, असा निष्कर्ष विग्नर यांनी त्या वेळी काढला, आणि पुढे तो सोडूनही दिला. त्याआधी, १९५७ साली, ह्यू एव्हरेट या तरुणाने सर्वांत धाडसी तोड सुचवली होती: सीमारेषा नाहीच, समीकरण सर्वत्र खरे आहे, मांजर एका शाखेत जिवंत व दुसऱ्या शाखेत मृत आहे, आणि पेटी उघडणाराही दोन शाखांत विभागला जाऊन एकीकडे हसतो व दुसरीकडे हळहळतो.

येथे विनोदाला मोकळे रान मिळाले हे उघड आहे. मित्राला साक्षीदार मानता, तर मांजरानेच काय घोडे मारले आहे, त्याची जबानी का घेत नाही? डोळे मिटून दूध पिताना आपल्याला कोणी पाहत नाही असे समजणारे मांजर आम्हाला ठाऊक होते. परंतु कोणी पाहत नसल्यामुळे स्वतःच्याच अस्तित्वाचा निर्णय तहकूब ठेवणारे मांजर भौतिकशास्त्रज्ञांनाच सुचावे! विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी तर तिसऱ्याच अवस्थेची नोंद केली: पेटीत कोंडलेले मांजर जिवंत असो वा मृत, त्याचे डोके भडकलेले असण्याचा संभव मोठा. स्टीफन हॉकिंग यांच्याविषयी सांगतात की या मांजराचे नाव कानावर आले की आपला हात बंदुकीकडे जातो, असे ते म्हणत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही सारी लोकप्रियता मांजराला पुष्कळ उशिरा लाभली. पहिली तीस वर्षे ते तज्ज्ञांच्या दप्तरातच बहुतांशी पडून होते. १९६५ साली हिलरी पुटनम या तत्त्वज्ञाने व १९७० साली ब्राइस डेविट या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला चर्चेत आणले, १९७४ साली अर्सुला ले ग्विन यांनी त्याच्यावर कथा लिहिली, आणि मग ते पेटीतून जे निसटले ते कोणाच्याच हाती लागले नाही. संदर्भापासून सुटल्यामुळेच त्याच्या थट्टेचा रोख फिरला. आक्षेपासाठी योजलेले उदाहरण लोकांच्या मनात सिद्धांताचे बोधचिन्ह होऊन बसले.

भौतिकशास्त्राच्या इतिहासात एका हाडामांसाच्या मांजराचीही नोंद आहे, आणि ती वगळली तर त्या जातीवर अन्याय होईल. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली घन अवस्थेतील हीलियम-३ च्या अणूंविषयी एक निबंध टंकलिखित करून तयार केला. तो 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या मातबर नियतकालिकाकडे धाडण्यापूर्वी एका सहकाऱ्याने तो चाळला आणि शेरा मारला, की लेखक एकटा असून मजकुरात सर्वत्र 'आम्ही' आहे. नियतकालिकाच्या शिरस्त्याप्रमाणे हा निबंध परत येईल. संगणकावर शब्द बदलण्याची सोय तेव्हा घरोघरी नव्हती; समीकरणांनी भरलेला सबंध मसुदा पुन्हा टंकित करणे आले. त्यापेक्षा एक सहलेखक मिळवणे हेदरिंग्टन यांना सोपे वाटले. त्यांच्या घरी चेस्टर नावाचे सयामी मांजर होते आणि त्याच्या बापाचे नाव विलार्ड. प्राणिशास्त्रातील लॅटिन नावाची दोन आद्याक्षरे, चेस्टरचे एक आणि पितृनाम यांची जुळणी करून 'एफ. डी. सी. विलार्ड' हा विद्वान सिद्ध झाला, निबंध स्वीकृत झाला आणि २४ नोव्हेंबरच्या अंकात छापलाही गेला. पुढे काही छापील प्रतींवर दोन्ही लेखकांच्या सह्या झाल्या. त्यांपैकी एक सही पंजाच्या ठशाची होती. १९८० साली एका फ्रेंच विज्ञानपत्रिकेत विलार्ड यांचा एकट्याच्या नावाने लेख आला. या लेखकाच्या सन्मानार्थ, मांजरांनी लिहिलेले सर्व निबंध यापुढे वाचकांस विनामूल्य खुले राहतील, असे निवेदन नियतकालिकाच्या मालक संस्थेने, अमेरिकन फिजिकल सोसायटीने, २०१४ सालच्या १ एप्रिलला काढले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या निबंधातील भौतिकी खरी होती आणि पुढील संशोधकांनी तिचा आधारही घेतला. विनोद लेखकाच्या नावात होता, मजकुरात नव्हता.

काल्पनिक मांजराचीही अशीच गंभीर बढती पुढे झाली. हाइन्ट्स-डीटर त्से यांनी १९७० साली आणि व्होइचेक झुरेक यांनी त्यानंतरच्या दशकात एक साधी दिसणारी गोष्ट पुढे मांडली, की कोणतीही स्थूल वस्तू जगापासून खरोखरी अलग नसते. पेटीतील हवेचा प्रत्येक रेणू मांजरावर आदळतो, मांजराच्या अंगाची ऊब अदृश्य प्रारणाच्या रूपाने सतत बाहेर जाते, आणि हे रेणू व ही प्रारणे मांजर उभे आहे की आडवे याची वार्ता आपल्याबरोबर घेऊन जातात. त्यामुळे अध्यारोपणातील दोन पर्यायांना एकमेकांवर परिणाम घडवण्याची जी शक्ती होती, ती आसमंतात विखुरली जाते. आणि वस्तू जितकी मोठी, दोन पर्यायांतला फरक जितका ठळक, तितका हा ऱ्हास शीघ्र. काही किलो वजनाच्या आणि एकावर सव्वीस शून्ये द्यावीत इतक्या अणूंच्या मांजरात तो इतक्या अल्प काळात होतो की मनुष्याने झाकणाला हात घालण्याचे प्रयोजनच राहत नाही. डिकी उघडणारा पोलीस निर्दोष आहे. मांजराचा निकाल हवेनेच केव्हाचा लावलेला असतो.

ही केवळ कागदावरची उपपत्ती राहिली नाही. १९९६ साली पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांच्या गटाने आरशांच्या पोकळीत काही मोजके प्रकाशकण कोंडून त्यांना दुहेरी अवस्थेत आणले आणि ती अवस्था हळूहळू कशी विरते याचे टप्पे टिपले. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड वाइनलंड यांच्या गटाने बेरिलियमचा एकच भारित अणू अशा अवस्थेत ठेवला की त्याचे दोन पर्याय एकमेकांपासून ८० नॅनोमीटर दूर होते, आणि त्यांतील प्रत्येकाचा स्वतःचा विस्तार मात्र सुमारे ७ नॅनोमीटरच होता. या दोघांना २०१२ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. व्हिएन्नातील संशोधकांनी १९९९ साली कार्बनच्या ६० अणूंचा रेणू व २०१९ साली सुमारे २,००० अणूंचे रेणू अध्यारोपणात आणून दाखवले. २०२३ साली, ज्या झुरिकमध्ये श्रोडिंगर यांनी आपले समीकरण लिहिले होते तेथेच, १६ मायक्रोग्रॅम वजनाच्या नीलमस्फटिकाची कंपने परस्परविरुद्ध दिशांच्या दुहेरी अवस्थेत ठेवण्यात आली. त्या दोन अवस्थांतील अंतर प्रोटॉनच्या व्यासाहूनही पुष्कळ कमी होते, परंतु कंपन पावणारे अणू एकावर सतरा शून्ये इतके होते. अशा अवस्थांना प्रयोगशाळांत अधिकृतपणे 'मांजर-अवस्था' असेच म्हणतात, आणि क्वांटम संगणक बांधणाऱ्या काही गटांच्या यंत्रांत माहिती साठवण्यासाठी त्यांचा उपयोग चालू आहे. ज्याला अशक्यतेचा नमुना म्हणून उभे केले होते, ते आता प्रगतीचे माप झाले.

या कथेत आपल्याकडील वाचकाला मोह पडावा अशी एक जागा आहे. श्रोडिंगर वेदान्ताचे मनःपूर्वक अभ्यासक होते. डब्लिन येथील १९४३ च्या व्याख्यानांवर आधारलेल्या 'जीवन म्हणजे काय?' या त्यांच्या ग्रंथाच्या उपसंहारात आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा उपनिषदांतील विचार आदराने आला आहे. त्यावरून, द्रष्ट्यावाचून दृश्य नाही हे उपनिषदांचे मत या मांजराने सिद्ध केले, असे आपल्या सभांतून व मासिकांतून उत्साहाने सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, परंतु प्रमाण उलटे आहे. मांजराचा परिच्छेद द्रष्ट्याच्या महतीसाठी लिहिलेला नाही. पाहण्यामुळे वस्तुस्थिती घडते असा अर्थ निघू लागला म्हणूनच तो लिहिला गेला. आपले वेदान्तप्रेम आणि आपला भौतिकीतील आक्षेप यांची श्रोडिंगर यांनी त्या लेखात सरमिसळ केली नाही. त्यांच्या नावाने आपणही ती करू नये.

मग प्रश्न सुटला काय? अर्धाच सुटला, असा निवाडा प्रामाणिकपणे द्यावा लागतो. दोन पर्यायांचा परस्परसंबंध कसा विरतो हे आता कळले आहे, आणि म्हणून रस्त्यावर अधांतरी मांजरे का आढळत नाहीत याचे उत्तर हाती आहे. परंतु संबंध विरल्यावरही समीकरणाच्या दप्तरी दोन्ही मांजरे, एकमेकांपासून अलग झालेली का होईना, शिल्लक राहतात. आणि पेटी उघडणाऱ्याच्या हाती मात्र एकच लागते. ते एकच का, आणि नेमके तेच का, हे समीकरण सांगत नाही. एव्हरेट यांचे अनुयायी म्हणतात की दोन्ही खरी आहेत. १९८६ साली गिरार्डी, रिमिनी व वेबर यांनी सुचवल्याप्रमाणे समीकरणातच लहानशी दुरुस्ती करावी, असे दुसरे म्हणतात. तरंगफलन हा आपल्या ज्ञानाचा हिशेब आहे, वस्तूचा नव्हे, असे तिसरे म्हणतात. या वादात सर्वमान्य निर्णय अद्यापि झालेला नाही.

तेव्हा वाचकहो, हा विनोद पुन्हा कानी आला तर मनमुराद हसा. ज्याने तो प्रथम केला त्याचीही तीच इच्छा होती. मात्र हसून झाल्यावर सांगणाऱ्याला एवढे जरूर विचारा, की अणू दोन्ही प्रकारचा आणि मांजर एकाच प्रकारचे, तर या दोहोंमधली हद्द कोठे? जो शास्त्रज्ञ या प्रश्नाचे सर्वांना पटेल असे उत्तर देईल, तोच श्रोडिंगर यांच्या फिर्यादीचा अखेरचा निकाल लावील.